‘सुटला’ आणि ‘निर्दोष होता’

‘सबळ पुराव्याअभावी आरोपीची निर्दोष मुक्तता.’ कोर्टाच्या बातम्यांत हे वाक्य इतक्या वेळा छापून येतं की आपली नजर त्यावरून घसरून पुढे जाते. जरा थांबून वाचलं तर त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींना चिकटलेल्या दिसतात. पुरावा कमी पडला, ही एक. माणूस निर्दोष होता, ही दुसरी. पहिलीवरून दुसरी आपोआप निघत नाही. गावात, चाळीत, कचेरीत तर ही बातमी एकाच शब्दात फिरते: ‘सुटला’. आणि ‘सुटला’ म्हणणाऱ्याच्या मनात बहुतेकदा ‘केलं यानंच, पण सापडला नाही’ असंच असतं.

लीगल थ्रिलर, म्हणजे कोर्टकचेरीच्या थरारकथा, या दोन शब्दांमधल्या फटीत घडतात. त्यांच्याकडे बरेच जण प्रवासात वेळ घालवायची पुस्तकं म्हणून बघतात. मला ते पटत नाही. या प्रकारातल्या चांगल्या कादंबऱ्या कायद्यातली सगळ्यात अवघड गोष्ट सामान्य वाचकाला समजावतात, आणि त्या समजावू शकतात कारण त्या लिहिणारी माणसं काळा कोट घालून त्या खोलीत बसलेली असतात.

ती अवघड गोष्ट अशी. यानं गुन्हा केला का, हा प्रश्न कोर्ट थेट सोडवत नाही. कोर्टापुढचा प्रश्न वेगळा असतो: यानंच गुन्हा केला, हे सरकार पक्षानं वाजवी संशयापलीकडे सिद्ध केलं का? उत्तर ‘नाही’ आलं की आरोपी मोकळा. आता खरोखर निष्पाप असलेला माणूस आणि ज्याच्याविरुद्धचा पुरावा कच्चा निघाला असा गुन्हेगार, दोघंही एकाच दारानं बाहेर पडतात. अमेरिकेत ज्यूरीचा निकाल ‘गिल्टी’ किंवा ‘नॉट गिल्टी’ असा असतो. ‘इनोसंट’ हा शब्द त्या निकालात येतच नाही. डिटेक्टिव्ह कादंबरी गुन्हेगार सापडला की संपते. लीगल थ्रिलर तिथून सुरू होते, कारण कोणी केलं हे कळणं आणि ते कोर्टात टिकणं यांत फार मोठं अंतर आहे.

हे अंतर कादंबरीत कसं उतरतं ते अमेरिकी वकील-लेखक स्कॉट टुरो यांच्या ‘प्रिझ्युम्ड इनोसंट’मध्ये सगळ्यात चांगलं दिसतं. १९८७ साली आलेली ही कादंबरी. शीर्षकाचा अर्थ ‘निर्दोष गृहीत धरलेला’. गुन्हा सिद्ध होईपर्यंत आरोपीला निर्दोष मानायचं, हे कायद्याचं तत्त्वच टुरोंनी पुस्तकाचं नाव म्हणून घेतलं. गोष्ट सांगणारा रस्टी सॅबिच हा सरकारी वकील आहे. त्याच्या कार्यालयातल्या एका वकील स्त्रीचा खून होतो, तिच्याशी त्याचे संबंध होते, आणि काही दिवसांनी त्याच खुनाचा आरोपी म्हणून तो स्वतः उभा राहतो. ज्या बाजूला बसून आयुष्यभर लोकांना तुरुंगात पाठवलं, त्याच्या समोरच्या बाजूला.

यातली मेख अशी की सगळी हकिकत रस्टीच आपल्याला सांगतो. तो ‘मी’ म्हणतो, आपण त्याच्या डोक्यात बसलेलो असतो, तरीही त्यानं खून केला की नाही हे आपल्याला खात्रीनं कळत नाही. घटनास्थळी सापडलेला ग्लास, त्यावरचे बोटांचे ठसे, गालिच्याचे धागे, फोनच्या नोंदी असा सगळा मुद्देमाल त्याच्याकडे बोट दाखवतो. मग तो ग्लासच गहाळ होतो. शेवट इथे सांगत नाही. एवढंच सांगतो की खटल्याचा निकाल लागल्यावरही वाचकाच्या मनातला प्रश्न मिटत नाही. निकाल हे कायद्याचं उत्तर, आणि सत्य त्याच्या पलीकडे कुठेतरी शिल्लक, हे त्या पुस्तकाइतकं नीट मला कुठल्या पाठ्यपुस्तकात सापडलेलं नाही.

टुरो १९७८ ते १९८६ शिकागोत केंद्र सरकारचे वकील होते. लोकल गाडीनं कामावर जाता-येता त्यांनी या कादंबरीचा मोठा भाग वहीत लिहिला. त्या काळात शिकागोच्या कुक काउंटी न्यायालयांत लाच घेऊन निकाल फिरवणारे न्यायाधीश आणि वकील पकडायची मोठी मोहीम चालू होती, ‘ऑपरेशन ग्रेलॉर्ड’ नावाची. तिच्यात १७ न्यायाधीशांसह ९० हून अधिक लोकांवर आरोपपत्रं दाखल झाली. त्या खटल्यांत टुरो सरकार पक्षातर्फे उभे होते. कादंबरीत कोर्टाच्या भिंतींना जो लाचेचा वास आहे, तो तिथून आलेला आहे.

पण लेखकाचा अनुभव म्हणजे फक्त घडलेले किस्से नव्हेत. वकिलाला बाकीच्यांना न दिसणारी एक गोष्ट दिसते: चूक कशी घडते. ती बहुधा दुष्टपणातून घडत नाही. तपास अधिकाऱ्याला लवकर आरोपपत्र द्यायचं असतं, सरकारी वकिलाला वर तोंड दाखवायचं असतं, साक्षीदाराला आपण उपयोगी पडलो असं वाटायचं असतं. प्रत्येक जण थोडंथोडं ढकलतो आणि एक माणूस कठड्यात जाऊन पडतो. हे बाहेरून लिहिणाऱ्याला सुचणं कठीण.

आपल्या वाचकाला हे सगळं पूर्ण भिडायचं असेल तर अमेरिकी व्यवस्थेतल्या दोन गोष्टी आधी समजून घ्याव्या लागतात. पहिली ज्यूरी. तिकडे गंभीर खटल्यात निर्णय देतात ते साधारणपणे बारा सामान्य नागरिक. कोणी शिक्षिका, कोणी गवंडी, कोणी निवृत्त कारकून. त्यांनी एकमतानं निर्णय द्यायचा आणि कारण लिहायचं नाही. म्हणून तिथला वकील पुराव्याबरोबर गोष्टही सांगतो, आणि ज्याची गोष्ट पटते तो जिंकतो. आपल्याकडेही ज्यूरी होती. १९५९ मधल्या मुंबईच्या नानावटी खटल्यात ज्यूरीनं ८ विरुद्ध १ अशा मतांनी आरोपीला निर्दोष ठरवलं. सत्र न्यायाधीशांना ते मान्य झालं नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं आणि तिथे नानावटींना जन्मठेप झाली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला जागाच ठेवली नाही. आज आपले न्यायाधीश पुरावा तपासून कारणांसह निकालपत्र लिहितात.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. अमेरिकेत ज्यूरीनं एकदा ‘नॉट गिल्टी’ म्हटलं की प्रकरण तिथेच संपलं. सरकारला त्याविरुद्ध अपील करता येत नाही. आपल्याकडे सरकार निर्दोष मुक्ततेविरुद्धही वरच्या कोर्टात जाऊ शकतं. म्हणून त्यांच्या कादंबरीत ज्यूरी खोलीत परत येते त्या क्षणावर सगळा भार असतो. श्वास रोखला जातो तो उगाच नाही. त्या एका शब्दानंतर मागे फिरायला वाट नसते. आपल्याकडे सत्र न्यायालय, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय असा दहा-पंधरा वर्षांचा जिना असतो. ‘शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये’ म्हणतात ते या जिन्यालाही लागू आहे.

आता जॉन ग्रिशम. त्यांच्या बऱ्याच कादंबऱ्या मराठीत आल्या आहेत, त्यामुळे नाव अनोळखी नाही. मिसिसिपी राज्यातल्या साउथहेवन या लहान शहरात ते वकिली करायचे. १९८४ मध्ये जवळच्या हर्नांडो गावच्या कोर्टात त्यांनी बारा वर्षांच्या एका मुलीची साक्ष ऐकली. तिच्यावर बलात्कार झाला होता. ती साक्ष ऐकताना त्यांच्या मनात आलं, या मुलीच्या बापानं हातात बंदूक घेतली असती तर? पुढची तीन वर्षं ते पहाटे पाचला उठून, कामावर जाण्याआधी लिहीत राहिले. अनेक प्रकाशकांनी नकार दिल्यावर एका लहान प्रकाशनानं १९८९ मध्ये ‘अ टाइम टू किल’च्या ५००० प्रती छापल्या. त्यातल्या १००० ग्रिशमनी स्वतः विकत घेतल्या आणि वाचनालयं, दुकानं फिरून विकल्या.

या कादंबरीतला प्रश्न टुरोंच्या नेमका उलटा आहे. बापानं दोघांना मारलं याबद्दल कोणालाच शंका नाही, भर कोर्टाच्या इमारतीत मारलं. बाप काळा, मेलेले दोघं गोरे, आणि गाव अमेरिकेच्या दक्षिणेतलं. तेव्हा सत्य माहीत आहे, पुरावाही आहे, तरी हा माणूस ‘दोषी’ आहे का? आणि गोऱ्या बापानं हेच केलं असतं तर ज्यूरी काय म्हणाली असती? वाचताना आपण बापाच्या बाजूनं झुकतो आणि मग स्वतःचीच भीती वाटते, कारण आपण कायदा हातात घेण्याला टाळ्या देत असतो. ग्रिशम त्या अवघडलेपणातून वाचकाला सहजी सोडवत नाहीत, हे मला त्यांचं मोठेपण वाटतं.

या दोघांआधीही वाट पडलेली होती. अर्ल स्टॅन्ली गार्डनर कॅलिफोर्नियात वकील होते. १९३३ पासून त्यांनी पेरी मेसन हा वकील ऐंशीहून अधिक कादंबऱ्यांत उभा केला. मेसनचा अशील जवळजवळ नेहमी निर्दोष असतो आणि खरा गुन्हेगार उलटतपासणीत कोलमडतो. खऱ्या कोर्टात असं क्वचितच होतं, हे गार्डनरना पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच १९४८ मध्ये त्यांनी एका मासिकाच्या मदतीनं ‘कोर्ट ऑफ लास्ट रिसॉर्ट’ हा उपक्रम सुरू केला. चुकीनं शिक्षा झालेल्या, सगळी अपिलं संपलेल्या कैद्यांची प्रकरणं तज्ज्ञांकडून पुन्हा तपासून घ्यायची, असं ते काम. कथेत दर वेळी मिळणारा न्याय बाहेर मिळत नाही, हे त्यांना बोचत राहिलं असणार.

टुरो आणि ग्रिशम यांच्याही आयुष्यात असं वळण आलं. प्रसिद्धी मिळाल्यानंतर दोघांची गाठ खऱ्या निरपराध माणसांशी पडली आणि त्यांचं लेखन बदललं.

टुरोंनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला इलिनॉय राज्यातल्या एका कैद्याचं अपील विनामोबदला घेतलं. दहा वर्षांच्या मुलीच्या खुनाच्या आरोपाखाली त्याला आणि दुसऱ्या एकाला आधी फाशी सुनावली गेली होती. विशेष म्हणजे तिसऱ्याच एका गुन्हेगारानं ‘ते मी केलं’ असं १९८५ मध्येच वकिलांमार्फत सुचवलं होतं. तरी खटले चालत राहिले. ते दोघं १९९५ मध्ये सुटले. ज्यानं कबुली दिली होती त्यानं २००९ मध्ये कोर्टात गुन्हा मान्य केला. सरकारी वकील म्हणून घडलेल्या माणसाला हे बघणं किती जड गेलं असेल याचा विचार करावा.

पुढे २००० मध्ये इलिनॉयच्या गव्हर्नरांनी फाशी थांबवली. १९७७ पासून त्या राज्यात १२ जणांना फाशी झाली होती आणि फाशीची शिक्षा झालेले १३ जण निर्दोष म्हणून सुटले होते. फाशीचा फेरविचार करायला नेमलेल्या आयोगावर टुरो होते. जाताना त्यांचं मत पक्कं नव्हतं, काम संपता संपता ते फाशीच्या विरोधात झालं. याच काळातली त्यांची कादंबरी ‘रिव्हर्सिबल एरर्स’, २००२ सालची. निकाल फिरवावा लागेल इतकी गंभीर कायदेशीर चूक, असा त्या शब्दांचा अर्थ. फाशीला काही आठवडे उरलेले असताना एक कंपनी-वकील नाइलाजानं कैद्याचं प्रकरण हाती घेतो. त्यात खलनायक शोधायला गेलात तर सापडत नाही. चुका केलेली, त्या झाकण्यात आयुष्य गेलेली, तरी आपल्याला कळतील अशी माणसं सापडतात. २०११ मध्ये इलिनॉयनं फाशी रद्द केली.

ग्रिशमचं वळण मृत्यूच्या बातमीतून आलं. डिसेंबर २००४ मध्ये त्यांनी रॉन विल्यमसन यांच्या निधनाची बातमी वाचली. ओक्लाहोमातल्या एडा गावचा हा एके काळचा बेसबॉलपटू. १९८२ मधल्या एका तरुणीच्या खुनासाठी त्याला १९८८ मध्ये फाशी सुनावली गेली. १९९४ मध्ये फाशी पाच दिवसांवर आली असताना ती थांबली. १९९९ मध्ये डीएनए चाचणीनं तो आणि त्याचा सहआरोपी निर्दोष ठरले. खरा गुन्हेगार निघाला तो सरकार पक्षाचाच एक साक्षीदार. हे कादंबरीत लिहिलं असतं तर कोणी विश्वास ठेवला नसता, म्हणून ग्रिशमनी ते ‘द इनोसंट मॅन’ या सत्यकथेत लिहिलं, २००६ मध्ये. खटल्याशी संबंधित काही जणांनी त्यांच्यावर बदनामीचा दावा लावला. कोर्टानं तो फेटाळला.

विल्यमसनला दोषी ठरवलं कशावरून? हे नीट बघण्यासारखं आहे, कारण असे खटले साधारण याच चार खांबांवर उभे असतात. मानसिक आजारानं खचलेल्या माणसानं पोलिसांना सांगितलेलं एक स्वप्न कबुलीजबाब म्हणून वापरलं गेलं. तुरुंगातल्या इतर कैद्यांनी ‘याला आम्ही कबूल करताना ऐकलं’ असं सांगितलं. अशा कैद्यांना बदल्यात सवलत मिळते. सूक्ष्मदर्शकाखाली केस ‘जुळले’. आणि खुनाच्या रात्री विल्यमसन त्या तरुणीच्या आसपास दिसला होता अशी एक साक्ष होती, ती त्या खऱ्या गुन्हेगाराची.

केसांचं तर आज हसू नव्हे, रडू यावं अशी स्थिती आहे. २०१५ मध्ये एफबीआयनंच मान्य केलं की तपासलेल्या खटल्यांपैकी किमान ९० टक्के साक्षींत त्यांच्या केसतज्ज्ञांनी शास्त्राला न झेपणारी विधानं केली होती. रक्ताच्या शिंतोड्यांवरून खून कसा झाला हे सांगणाऱ्या ‘तज्ज्ञां’बद्दलही अशाच गंभीर शंका आहेत. ग्रिशम यांची २०१९ ची ‘द गार्डियन्स’ त्यावरच आहे. तिचा नायक पाद्री आणि वकील दोन्ही आहे, निरपराध कैद्यांसाठी जुन्या गाडीतून गावोगाव फिरतो. हे पात्र जिम मॅक्लॉस्की यांच्यावरून सुचलं. निरपराध कैद्यांना सोडवणारी ‘सेंच्युरियन’ ही संस्था त्यांनी १९८३ मध्ये सुरू केली. या कादंबरीत नाट्यमय उलटतपासणी फारशी नाही. फायली आहेत, जुने साक्षीदार शोधणं आहे, दार लावून घेणारी माणसं आहेत. काही वाचकांना ती संथ वाटते. निर्दोषत्व सिद्ध करण्याचं काम असंच संथ असतं, म्हणून मला ती आवडते.

कबुलीजबाबाबद्दल एक फरक सांगायला हवा. अमेरिकेत पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात वापरता येते. आपल्याकडे साधारणपणे येत नाही. ब्रिटिश काळापासूनच कायद्यानं पोलिसांच्या कोठडीतल्या कबुलीवर अविश्वास दाखवला आहे, आणि नव्या साक्ष कायद्यातही ते तत्त्व टिकलं आहे. संघटित गुन्हेगारीविरुद्धचा मकोकासारखा कायदा मात्र याला अपवाद करतो. ‘केलं नाही तर कबूल कशाला करेल?’ असं आपण सहज म्हणतो. तासन्‌तास झोपेविना बसवलेला, घाबरलेला, ‘हो म्हण म्हणजे घरी जाशील’ असं ऐकलेला माणूस हो म्हणतो. एवढंच त्याचं उत्तर आहे.

ओळख परेडचंही तसंच. इनोसन्स प्रोजेक्ट या अमेरिकी संस्थेच्या नोंदींनुसार, डीएनएमुळे सुटलेल्यांच्या खटल्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक ठिकाणी डोळ्यांदेखत पाहिलेल्या साक्षीदाराची ओळख चुकली होती. हे साक्षीदार बहुतेक खोटारडे नव्हते. आठवण छायाचित्रासारखी साठून राहत नाही, प्रत्येक वेळी आठवताना ती नव्यानं रचली जाते, आणि पोलिसांनी दाखवलेला चेहरा तिच्यात अलगद जाऊन बसतो.

हे सगळं दूरच्या देशातलं म्हणून मिटवून ठेवता येत नाही. जून २००३ मध्ये महाराष्ट्रात एका बागेतल्या झोपडीवर दरोडा पडला, एकाच कुटुंबातल्या पाच जणांचा जीव गेला, एका मुलीवर आणि तिच्या आईवर बलात्कार झाला. भटक्या जमातीतले सहा जण आरोपी झाले. सत्र न्यायालयानं सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयानं तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली, तर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती पुन्हा फाशी केली. १६ वर्षं ते तुरुंगात होते. त्यांच्यातला एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आपलाच आधीचा निकाल मागे घेऊन सगळ्यांना निर्दोष ठरवलं आणि प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यायला राज्याला सांगितलं.

त्या प्रकरणाच्या कागदांत एक नोंद होती. घटनेनंतर दोनच दिवसांनी, वाचलेल्या साक्षीदार स्त्रीला पोलिसांनी सराईत गुन्हेगारांच्या फोटोंचा अल्बम दाखवला होता. तिनं त्यातल्या चार जणांवर बोट ठेवलं होतं. ते चौघं या सहा जणांपैकी नव्हते.